सर्व्हर म्हणजे वाढपी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझे नाव ऐकून आपल्यापैकी काहींनी कवितेची अपेक्षा केली असेल. आज कविता नाही. आजचा विषय आहे कचेरीतल्या यंत्रांचे शब्द. प्रिंटर, स्कॅनर आणि या सगळ्यांना एकमेकांशी जोडणारे नेटवर्क, यांच्याभोवती जी शब्दावली उभी राहिली आहे, तिच्याविषयी मी बोलणार आहे. मी बी. ए. झालेला माणूस. यंत्रशास्त्राचे शिक्षण मला नाही. पण शब्द हा माझ्या धंद्याचा कच्चा माल आहे. यंत्रांचे हे शब्द उकलून पाहिले, तर ते घरातले, रस्त्यावरचे, अगदी छंदशास्त्रातलेसुद्धा निघतात.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. पूर्वी कचेरीत काम अडले की "साहेब दौऱ्यावर आहेत" असे उत्तर मिळे. साहेब कधी येणार, एवढे तरी विचारता येई. आता उत्तरे बदलली. "सर्व्हर डाऊन आहे." "प्रिंटर ऑफलाईन दाखवतोय." "स्कॅन नीट आलेले नाही." "फाईलची साईज जास्त आहे." या चार वाक्यांपुढे भलाभला माणूस गप्प होतो आणि पिशवी उचलून घरी जातो. शब्द कळला नाही की प्रश्न विचारता येत नाही, आणि ज्याला प्रश्न विचारता येत नाही त्याला हेलपाटा पडतो. म्हणून या दहा-पंधरा शब्दांची ओळख करून घेणे ही हौस नाही, गरज आहे.

आधी एक शंका दूर करू. हे शब्द परके आहेत, ते मराठीत कशाला, असे काहींना वाटते. पण कचेरीची भाषा पहिल्यापासूनच पाहुण्यांनी भरलेली आहे. कागद, शाई, कलम, दप्तर, अर्ज, दाखला, नक्कल, शिक्का हे सगळे शब्द फारसी-अरबीच्या वाटेने आले. पगार आणि चावी पोर्तुगीजांकडून आली. 'मसुदा' हा शब्द तर मला फार आवडतो. त्याचे मूळ अरबीतल्या काळेपणाच्या शब्दात आहे, आणि शाईचे मूळ फारसीतल्या 'सियाही'त, म्हणजे पुन्हा काळेपणातच. कोऱ्या कागदावर काळे करणे, हेच कचेरीचे आद्य काम. आजच्या प्रिंटरमधला टोनर तेच करतो.

शिवाजी महाराजांनी रघुनाथपंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्यातून 'अमात्य', 'सचिव' असे शब्द रूढ झाले, आणि सचिव तर आजही मंत्रालयात बसतात. पण त्याच सचिवांच्या टेबलावर कागद आणि शाई राहिलीच. मला यात भांडण दिसत नाही. राज्यकर्त्यांनी शब्द घडवावेत, पंडितांनी कोश करावेत. शेवटी कोणता शब्द राहणार हे लोकांचे तोंड ठरवते.

शब्द मराठी झाला की नाही, हे ओळखण्याची माझी एक साधी कसोटी आहे. त्याला लिंग मिळाले का ते पाहावे. इंग्रजीत यंत्राला लिंग नसते. आपल्याकडे मात्र तो प्रिंटर, ती फाईल, ते नेट. "प्रिंटर बिघडला", "प्रिंट पुसट आली", "नेट गेले." हे कोणी शिकवले? कोणत्याही समितीने ठराव केला नव्हता. तो कागद, ती शाई, ते दप्तर, असेच शेकडो वर्षांपूर्वी झाले होते. मराठीने या पाहुण्यांना पाटावर बसवून घेतले आहे. आता त्यांच्याशी ओळख करून घेणे तेवढे उरले.

सुरुवात प्रिंटरपासून करू. त्याला 'मुद्रक' म्हणावे, असे कोश सांगतो. अडचण अशी की मुद्रक ही आपल्याकडे व्यक्ती आहे. १८६७ च्या कायद्यापासून वर्तमानपत्रावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे छापण्याची पद्धत आहे. त्या कायद्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली. त्यामुळे "मुद्रक बंद पडला" म्हटले तर ऐकणारा हळहळेल. प्रिंटरच बरा.

प्रिंटर घेताना दुकानदार 'डीपीआय' सांगतो. ज्या घरात ठिपक्यांची रांगोळी काढली जाते, तिथे हा शब्द समजावून सांगायला एक मिनिट लागू नये. एक इंच लांबीत किती ठिपके, एवढाच त्याचा अर्थ. ठिपके विरळ असले तर मोराची मान तुटक दिसते, दाट असले तर रेघ वळणदार येते. तीनशे डीपीआय म्हणजे एक इंच उभ्या, एक इंच आडव्या चौकोनात तीनशे गुणिले तीनशे, म्हणजे नव्वद हजार ठिपके. सहाशे डीपीआय केले तर ते दुप्पट होत नाहीत, चौपट होतात; तीन लाख साठ हजार. हा चौपटीचा हिशेब लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर हे ठिपके खरोखर ठोकून उमटवतो. त्याच्या डोक्यात बारीक टाचण्या असतात, बहुधा नऊ किंवा चोवीस. त्या शाईच्या फितीवर आपटतात आणि कागदावर अक्षर उठते. त्याचा तो करकर आवाज कोणाला आठवणार नाही? आज तो मागे पडला, पण संपला नाही. कारण तो ठोकतो, म्हणून खाली कार्बन ठेवला तर दुसरी, तिसरी प्रत एकाच वेळी निघते. इंकजेट शाईचे थेंब फवारतो, लेसर तर कागदाला टोचतही नाही. त्यांना हे जमत नाही.

लेसर प्रिंटरची गोष्ट झेरॉक्सपासून सुरू होते. चेस्टर कार्लसन हा अमेरिकन माणूस पेटंटच्या कामात होता. कागदांच्या नकला करून करून तो कंटाळला होता. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधल्या अॅस्टोरिया भागात त्याने आणि त्याच्या मदतनिसाने गंधकाचा थर दिलेली जस्ताची पट्टी रुमालाने घासली, तिच्यावर वीज साठवली, अक्षरे लिहिलेल्या काचेतून प्रकाश टाकला आणि वरून पूड भुरभुरली. जिथे प्रकाश पडला नव्हता तिथेच पूड चिकटली. त्यांनी ती मेणाच्या कागदावर उतरवली. त्या कागदावर ती तारीख आणि गावाचे नाव होते. ओली शाई न वापरता झालेले हे लेखन. म्हणून त्याला जे नाव दिले, ते 'कोरडे' आणि 'लेखन' या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून. 'झेरॉक्स' म्हणजे मुळात 'कोरडे'. आपण ते कंपनीचे नाव कोपऱ्यावरच्या दुकानाला, यंत्राला आणि निघालेल्या कागदालाही दिले.

पुढे त्याच कंपनीतल्या गॅरी स्टार्कवेदर यांनी विचार केला, की कागदावरून परतलेल्या प्रकाशाऐवजी लेसरच्या किरणाने थेट लिहिले तर? १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात त्यांनी तसे यंत्र उभे केले. आजच्या लेसर प्रिंटरचे काम त्याच रीतीने चालते. आत एक गुळगुळीत नळकांडे असते, त्याला ड्रम म्हणतात. किरण त्याच्यावर विजेने अक्षर लिहितो. तिथे टोनरची पूड चिकटते, ती कागदावर येते आणि दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या रुळांमधून जाताना वितळून कागदात बसते. लेसरचा कागद गरम का निघतो, याचे उत्तर हे. टोनर ही शाई नव्हे, रंगवलेल्या प्लास्टिकची पूड आहे. सांडली तर गरम पाण्याने धुऊ नका, ती बसेल. गार पाणी वापरा.

रंगीत प्रिंटरमध्ये चार रंग असतात. सायन म्हणजे आकाशी निळा, मजेंटा म्हणजे गडद गुलाबी, पिवळा आणि काळा. काळ्यासाठी मात्र 'के' हे अक्षर लिहितात. छापखान्यात बाकीचे रंग ज्या काळ्या ठशाशी जुळवून घेत, त्याला 'की' ठसा म्हणत. काळा रंग हा चित्राची चावी. ही कल्पना एखाद्या शायराला सुचायला हवी होती.

आता संगणकाच्या पडद्यावर दिसणारे तीन शब्द. पहिला 'ड्रायव्हर'. याचा गाडीशी संबंध नाही. संगणकाची भाषा वेगळी, प्रत्येक प्रिंटरची वेगळी. ड्रायव्हर हा मधला दुभाष्या आहे. दुभाष्या चुकीचा बसवला की कागदावर अगम्य चिन्हे उमटतात. दुसरा 'क्यू', म्हणजे रांग. आपण पाठवलेले कागद रांगेत उभे राहतात. पुढचा एक अडकला की मागचे सगळे अडकतात. अशा वेळी माणूस अधीर होऊन पुन्हा पुन्हा प्रिंटचे बटण दाबतो. त्याने रांग लांबते, सरकत नाही. अडकलेला पहिला कागद रद्द करावा लागतो. तिसरा शब्द 'डिफॉल्ट'. कर्जदाराला या शब्दाने धडकी भरते, कारण बँकेत त्याचा अर्थ थकबाकी. प्रिंटरच्या बाबतीत मात्र 'वेगळे सांगितले नाही तर ठरलेला तो' एवढाच अर्थ आहे. हा ठरलेला प्रिंटर भलताच असला, तर कागद दुसऱ्याच खोलीत निघतात. माझ्या ओळखीच्या एका कचेरीत लेखा विभागाचे कागद कितीतरी दिवस आवक-जावकच्या टेबलावर निघत होते आणि लेखा विभाग प्रिंटरला बोल लावत होता.

आता स्कॅनर. इथे कवी म्हणून मला थोडे सैल बोलू द्या. इंग्रजीत 'स्कॅन' या क्रियापदाचा जुना अर्थ आहे, कवितेची ओळ छंदासाठी मोजणे. मूळ लॅटिन शब्द चढण्याचा; एकेक पायरी चढावी तशी एकेक चरणखंड मोजत जायची. आपण शाळेत 'यमाताराजभानसलगा' म्हणत गण पाडायचो, ते स्कॅनच. उर्दूत यालाच 'तक्तीअ' म्हणतात, म्हणजे तुकडे करणे. स्कॅनर हेच करतो. कागदावर एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे ओळीओळीने सरकतो, प्रत्येक ओळीचे ठिपक्यांएवढे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याला विचारतो, तू उजळ की काळा? आपण विचारतो, लघु की गुरू?

हे साम्य वरवरचे नाही. लघु आणि गुरू या दोनच खुणा तीन जागांवर मांडल्या तर आठ प्रकार होतात. तेच आपले आठ गण. पिंगलाच्या छंदःसूत्रात असे सर्व प्रकार क्रमाने मांडण्याची रीत आहे. संगणकाकडेही दोनच खुणा आहेत, शून्य आणि एक. एका जागेला 'बिट' म्हणतात. तीन बिटांचे आठ प्रकार, आठ बिटांचे दोनशे छप्पन्न. या आठ बिटांच्या गटाला 'बाईट' म्हणतात. एका ठिपक्याला एक बाईट दिला तर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत दोनशे छप्पन्न छटा नोंदवता येतात. रंगीत ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाईट लागतात.

संगणकाला चित्र दाखवणारा पहिला स्कॅनर १९५७ मध्ये अमेरिकेत रसेल कर्श यांच्या गटाने केला. त्यावर पहिले चित्र घेतले ते त्यांच्या तीन महिन्यांच्या बाळाचे. उभे आडवे प्रत्येकी एकशे शहात्तर ठिपके, म्हणजे एकूण एकतीस हजारांच्या आत. या ठिपक्याला 'पिक्सेल' म्हणतात. एवढ्या ठिपक्यांतही ते बाळ ओळखू येते.

आता "फाईलची साईज जास्त आहे" या वाक्याकडे वळू. शिष्यवृत्तीच्या, नोकरीच्या अर्जात "कागद अमुक केबीच्या आत हवा" अशी अट असते. केबी म्हणजे सुमारे हजार बाईट, एमबी म्हणजे सुमारे दहा लाख. ए-फोर आकाराचा कागद तीनशे डीपीआयला स्कॅन केला तर सुमारे सत्त्याऐंशी लाख ठिपके होतात. रंगीत असेल तर तिप्पट बाईट, म्हणजे साधारण सव्वीस एमबी. तोच कागद करड्या छटांत घेतला तर नऊ एमबीच्या आत. डीपीआय निम्मे, म्हणजे दीडशे केले, तर त्या चौपटीच्या हिशेबाने ठिपके बावीस लाखांच्या आत आले. यानंतर जेपेग किंवा पीडीएफ करताना संगणक तो आणखी दाबून लहान करतो. म्हणजे गुणपत्रिका रंगीत हवी, असे अर्जात लिहिलेले नसेल, तर ती रंगीत स्कॅन करण्याचे कारण नाही. दुकानदाराला "दीडशेवर, करड्या रंगात करा" एवढे सांगता आले की पोराचा अर्ज शेवटच्या तारखेला अडकत नाही. आणि काम झाल्यावर "माझी फाईल तुमच्या संगणकावरून काढून टाका" हेही सांगायला संकोचू नये. ओळखपत्राची नक्कल ही घराच्या किल्लीसारखी असते.

एक गैरसमज मोठमोठ्या संस्थांमध्येही दिसतो. कागद स्कॅन झाला म्हणजे संगणकाने तो वाचला, असे नव्हे. त्याने फक्त फोटो काढला. त्यातली अक्षरे ओळखण्याला 'ओसीआर' म्हणतात, आपण 'अक्षरओळख' म्हणू. रोमन अक्षरे सुटी उभी असतात. आपली अक्षरे शिरोरेषेला धरून असतात, शिवाय जोडाक्षरे, काने-मात्रे. यंत्राला कुठून तोडायचे हे कळणे अवघड जाते. आता ही ओळख पुष्कळ सुधारली आहे, पण जुन्या, पुसट कागदावर घ आणि ध, भ आणि म यांची गल्लत होऊ शकते. भोऱ्यांचे मोरे व्हायला एक गाठ पुरते. यंत्राने वाचलेला मजकूर माणसाने ताडून पाहिलाच पाहिजे, विशेषतः जिथे नाव आणि वारसा यांचा प्रश्न आहे.

याच संदर्भात 'युनिकोड'. १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरी होती. प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक, अशी ही व्यवस्था आहे. आपल्या 'क'चा क्रमांक आहे २३२५. त्याआधी, आणि आपल्याकडे त्यानंतरही बरीच वर्षे, प्रत्येक फॉन्टचा क्रमांक निराळा होता. एका संगणकावर लिहिलेले मराठी पत्र दुसऱ्यावर उघडले की चिन्हांचा खच पडे. आपली भाषा यंत्रात सुखरूप राहायची असेल, तर मजकूर युनिकोडमध्ये आहे का, एवढे विचारण्याची सवय प्रत्येक लेखकाने आणि कारकुनाने लावून घ्यावी.

आता तिसरा विषय, नेटवर्क. जाळे. गंमत अशी, की कचेरीतल्या या जाळ्याचा जन्म प्रिंटरच्याच निमित्ताने झाला. पालो आल्टोच्या त्याच केंद्रात अनेक संगणक आणि एक वेगवान लेसर प्रिंटर होता. सगळ्यांना तो वापरता यावा, म्हणून जोडणी हवी होती. १९७३ च्या मे महिन्यात रॉबर्ट मेटकाफ यांनी त्यासाठी एक टिपण लिहिले आणि आपल्या व्यवस्थेला 'ईथरनेट' हे नाव दिले. प्रकाश ज्यातून प्रवास करतो असे एक सर्वव्यापी द्रव्य विश्वात आहे, अशी जुनी समजूत होती. त्याला ईथर म्हणत. विज्ञानाने ती कल्पना सोडून दिली, पण नाव केबलला चिकटले. आपल्याकडे न्याय-वैशेषिकांनी शब्दाला आकाशाचा गुण मानले, म्हणून या माध्यमाला 'आकाशवाणी' हे नाव शोभते. केबलला ईथर म्हणणारा माणूस याच जातीच्या कल्पनेने बोलत होता.

जाळ्यात प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. जुन्या पद्धतीत तो चार आकड्यांचा, प्रत्येक आकडा शून्य ते दोनशे पंचावन्न. म्हणजे पुन्हा आपले आठ बिट. असे पत्ते एकूण चारशे एकोणतीस कोटींच्या घरात होतात. जगाला ते अपुरे पडले, म्हणून नवी, लांबलचक पत्त्यांची पद्धत आली. छोट्या कचेरीत हे पत्ते बहुधा 'राऊटर' वाटतो, आणि तेही भाडेपट्ट्याने. मुदत संपली की यंत्राला दुसराच पत्ता मिळू शकतो. काल चालणारा प्रिंटर आज सकाळी 'ऑफलाईन' दिसतो, तो पुष्कळदा बिघडलेला नसतो. त्याने घर बदललेले असते आणि संगणक जुन्या दारावर थापा मारत असतो. प्रिंटरचा पत्ता कायमचा नेमून दिला की हा त्रास थांबतो.

जाळ्यातून मजकूर जातो तो सलग जात नाही. त्याची लहान लहान पाकिटे होतात. इंग्रजी 'पॅकेट' आपल्याकडे डाकेतून येऊन कधीच 'पाकीट' झाले आहे. प्रत्येक पाकिटावर पत्ता आणि अनुक्रमांक असतो. वाटेत एखादे हरवले तर पलीकडचा तेवढेच पुन्हा मागवतो. या सगळ्याचे जे नियम आहेत त्यांना 'प्रोटोकॉल' म्हणतात. सरकारात याला राजशिष्टाचार असे भारदस्त नाव आहे. यंत्रांचा शिष्टाचार मात्र गावच्या पारावरचा आहे. बोलणे सुरू करण्याआधी पहिले यंत्र हाक देते, दुसरे ओ देऊन उलट हाक देते, पहिले तिला ओ देते, आणि मग कामाचे बोलणे. रामराम, रामराम, बोला आता. सलाम वालेकुम, वालेकुम सलाम, खैरियत? माणसांनी हा शिष्टाचार कमी केला, यंत्रे अजून पाळतात.

आणि आता तो शब्द, सर्व्हर. त्याचा अर्थ आहे वाढणारा. पंगतीतला वाढपी. पंगतीत बसलेल्या संगणकाला 'क्लायंट' म्हणतात. त्याने मागावे, वाढप्याने आणून वाढावे. वाढपी एक, पंगत मोठी. अर्जाच्या शेवटच्या दिवशी सगळे एकदम "भात, भात" ओरडले की वाढपी गोंधळतो. हे खरे 'सर्व्हर डाऊन'. पण ताटात भात आला नाही, याची आणखीही कारणे असतात. कधी वाढपी ठणठणीत असतो आणि मधला दरवाजा बंद असतो, म्हणजे कचेरीचे नेट गेलेले असते. कधी केबल टेबलाखाली निखळलेली असते. कधी फक्त प्रिंटर रुसलेला असतो. या सगळ्याला आपल्याकडे एकच नाव झाले आहे, सर्व्हर डाऊन.

याची किंमत कोण मोजतो? माझी एक वृद्ध खाला आहे. तिचे यजमान शाळामास्तर होते. त्यांच्यामागे तिला निवृत्तिवेतन मिळते. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. १० नोव्हेंबर २०१४ पासून देशात हा दाखला बोटाच्या ठशावर, संगणकातून देण्याची सोय झाली. सोय चांगली आहे. पण एका वर्षी ती केंद्रावर गेली, तर स्कॅनर तिचे बोट घेईना. असा स्कॅनर ठशातल्या रेषा कुठे थांबतात, कुठे फुटतात ते टिपतो. आयुष्यभर भाकरी थापून, भांडी घासून रेषा झिजलेल्या. दुसऱ्या दिवशी सर्व्हर डाऊन. ती बराच वेळ बाकावर बसून राहिली आणि मग काउंटरवरच्या मुलाला म्हणाली, "बाळा, हे सर्व्हरसाहेब जेवून कधी येतात?" सगळे हसले. मला तो प्रसंग तिनेच सांगितला, आणि सांगताना ती हसत नव्हती. हयात असलेल्या बाईला हयातीचा पुरावा मिळत नव्हता.

तिसऱ्या दिवशी तिच्याबरोबर तिची नात गेली, बारावीतली. तिने शांतपणे विचारले, "बोट वाचले जात नाही, की वाचून पुढे जात नाही?" बोट वाचले जात नव्हते. "मग दुसऱ्या बोटाने, किंवा डोळ्याच्या बुबुळावरून होईल का?" दुसऱ्या हाताच्या अनामिकेने झाले. "पावती?" प्रिंटर ऑफलाईन होता. "मग दाखल्याचा क्रमांक कागदावर लिहून द्या." काम दहा मिनिटांत संपले. त्या मुलीने आवाज चढवला नाही की कोणाची ओळख काढली नाही. तिच्याकडे फक्त नेमके शब्द होते. काउंटरवरचा मुलगाही वाईट नव्हता. त्याला कोणी नेमका प्रश्न विचारला नव्हता, एवढेच. २०२१ पासून चेहऱ्यावरूनही असा दाखला देण्याची सोय झाली आहे, आणि बँकेत कागदी दाखला देण्याचा जुना मार्गही बंद झालेला नाही. हे माहीत असणे, हाही शब्दज्ञानाचाच भाग.

म्हणून श्रोतेहो, पुढच्या वेळी "सर्व्हर डाऊन आहे" असे ऐकाल, तेव्हा तीन गोष्टी विचारा. एक, बंद काय आहे? तिकडचा सर्व्हर, इथले नेट, की हे यंत्र? दोन, शेजारच्या काउंटरवर चालू आहे का? तीन, मी येऊन गेल्याची नोंद, तारखेसह, कागदावर मिळेल का? महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये लागू झाला. त्याखाली अधिसूचित केलेल्या सेवांसाठी अर्जाची पोच मिळणे, ठरलेल्या मुदतीत सेवा मिळणे आणि नकार मिळाला तर त्याची कारणे लेखी मिळणे हा आपला हक्क आहे. यंत्र बंद पडले म्हणून पेन बंद पडत नाही. पोच हातानेही लिहिता येते.

कचेरीत बसणाऱ्या माझ्या मित्रांनाही एक विनंती. समोरच्या माणसाला शब्द सांगताना त्याचा अर्थही सांगा. "सर्व्हर डाऊन" ऐवजी "मुंबईहून उत्तर येत नाही, दुपारी तीननंतर या" असे म्हणायला काही सेकंद जास्त लागतील. समोरच्याचा अर्धा दिवस आणि बसभाडे वाचेल. फारसी दप्तराच्या काळात कागद वाचता न येणारी रयत कारकुनाच्या तोंडाकडे पाहत उभी असे. राज्ये बदलली, यंत्रे आली, पण काउंटरच्या अलीकडे तसेच तोंडाकडे पाहणारे डोळे आजही आहेत.

शब्द कोणत्या भाषेतून आला यावर आपण पुष्कळ वाद घातले. तो कोणाच्या उपयोगी पडतो, हेही आता पाहू. प्रिंटर, स्कॅनर, सर्व्हर हे शब्द मराठीने घरात घेतलेच आहेत. ते काउंटरच्या पलीकडच्या माणसाइतकेच अलीकडच्या माणसाच्याही मालकीचे झाले पाहिजेत.